घटाखालची फ्लॉपी

"कुछ किया नहीं मैडम, अपने आप हो गया."

दिल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करत मी आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली आणि हे वाक्य जिथे ऐकलं नाही असं एकही घर, दुकान किंवा ऑफिस मला आठवत नाही. मशीनच्या पोटात झुरळाचं कुटुंब सापडलं तरी कुणी काही केलेलं नसतं. यात मराठी-अमराठी असा भेद नाही. फरक असलाच तर एवढा, की पंजाबी माणूस खोटं बोलून वर चहा-समोसा खिलवतो आणि आपला माणूस खोटं बोलून वर मलाच विचारतो, "तुम्हाला नक्की येतं ना यातलं?"

येत होतं. मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि लग्न होऊन दिल्लीला आल्यावर घरी बसायचं नाही असं ठरवलं होतं. नेहरू प्लेसच्या एका जिन्याखाली चढ्ढाजींची कंपनी होती, तिथे चिकटले. गिऱ्हाइकाने दार उघडलं की त्याची नजर माझ्या मागे जायची. इंजिनियर मागून येतोय आणि ही बाई बिल घेऊन पुढे आलीय, अशी त्याची समजूत असायची. मी शांतपणे पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायची. मग तो घरातल्या बायकांना हाक मारायचा, कारण हे दृश्य त्यांनाही दाखवण्यासारखं होतं.

आता थोडं धंद्याबद्दल सांगते, कारण आजच्या मुलांनी कॉम्प्युटरचं पोट उघडं पाहिलेलंच नाही. देश खुला झाला, गुडगाव-नोएडाला काचेच्या इमारती उठल्या आणि परदेशी कंपन्या आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचं भंगारही आलं. बड्या ऑफिसांनी फेकलेल्या मशीन्सचे सुटे भाग नेहरू प्लेसच्या फरशीवर भाजीसारखे मांडलेले असत. लोक त्यातून निवडून निवडून आपापलं मशीन जुळवत. असं जुळवलेलं मशीन चाललं तर उत्तम चालायचं. बिघडलं की त्याच्यासारखं दुसरं मशीन जगात नसायचं, त्यामुळे विचारणार कुणाला?

त्यातही माझा खास प्रांत म्हणजे हार्ड डिस्कचा कंट्रोलर. हार्ड डिस्क म्हणजे तुमचं घर असं समजा. सगळं सामान त्यात. कंट्रोलर हा सोसायटीच्या गेटवरचा गार्ड. विंडोजला घरात शिरायचं तर गार्डशी बोलावं लागतं. साध्या मशीनचा गार्ड साधी हिंदी बोलतो, काही अडत नाही. पण भंगारातून आणलेला गार्ड कुठली तरी भलतीच भाषा बोलत असला, तर त्याच्यासाठी दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात आणि तो त्या काळी एका फ्लॉपीवर राहायचा. फ्लॉपी हरवली, की विंडोज गेटवर उभं राहून खुशाल सांगायचं, "इथे हार्ड डिस्क नाही." घर जागेवर, सामान जागेवर, पण आत कुणालाच जाता येत नाही. आणि गल्लीतला मेकॅनिक लगेच निकाल द्यायचा, "हार्ड डिस्क तो गई, मैडम. नई डलवा लो."

मुनिरक्यात एका खोलीत परीक्षेची तयारी करणारी आपली तीन मुलं राहायची. त्यांच्या मशीनची डिस्क लातूरच्या सलीमची, कंट्रोलर कार्ड बीडच्या शिंदेचं आणि बाकीचा डबा परभणीच्या कांबळेचा. भांडी घासण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि शिंदे स्वतःचं कार्ड उपटून शेजारच्या खोलीत राहायला गेला. इतिहासाच्या नोट्स तिघांच्याही त्यातच. मला बोलावलं ते डिस्क दुरुस्त करायला. मी तिघांना समोर बसवून भांड्यांचं वेळापत्रक करून दिलं आणि कार्ड जागेवर लावलं. चढ्ढाजींनी कामाचं स्वरूप विचारलं तेव्हा मी 'कंपॅटिबिलिटी प्रॉब्लेम' असं सांगितलं.

अशा अनुभवांवरून मी एक पद्धत पाडून घेतली होती. ड्रायव्हरची फ्लॉपी घरातल्या पुरुषाच्या हातात द्यायची नाही. तो ती अशी ठेवतो, की त्यालाही सापडत नाही. मी ती घरच्या बाईच्या हातात द्यायची आणि सांगायची, की ही गेली तर मशीन गेलं, तुमच्याकडे ठेवा. बायकांनी माझी एकही फ्लॉपी हरवली नाही. सबनीस काकूंनीही हरवली नव्हती, आणि खरी पंचाईत तिथेच झाली.

सबनीस काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. गुडगावच्या नव्या वस्तीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. बिल्डर स्थानिक, हौशी. त्याने हॉलच्या भिंतीत संगमरवरी बार काउंटर करून दिला होता, वर बाटल्यांसाठी आरसे लावलेला कोनाडा. देवघराला मात्र जागा नव्हती. काकूंनी गृहप्रवेशाच्या दिवशीच कोनाड्यात देव बसवले. आरशांमुळे आमच्या घरी तेहतीस कोटी पुरे भरतात, असं काका म्हणायचे. कोनाड्याला लागूनच इन्व्हर्टरचा प्लग होता, म्हणून कॉम्प्युटरही तिथेच.

हा कॉम्प्युटर काकांनी स्वतः जुळवलेला. नेहरू प्लेसच्या फरशीवरून त्यांनी एका परदेशी बँकेच्या सर्व्हरची डिस्क आणि तिचं कंट्रोलर कार्ड उचललं होतं. "सर्व्हरचं आहे, मरेपर्यंत चालेल," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कोण मरेपर्यंत, ते कुणी विचारत नसे. त्या डिस्कचं सॉकेट इतकं जगावेगळं होतं, की दुसऱ्या कुठल्याही साध्या मशीनला ती लावता येत नव्हती. कार्ड बनवणारी कंपनीही बुडाली होती. ड्रायव्हरची फ्लॉपी डिस्कसोबत आली होती, तेवढीच. तिची नक्कल करून ठेवू म्हटलं, तर काका म्हणाले, "सर्व्हरच्या वस्तूची नक्कल कशाला?" मग मी ती माझ्या पद्धतीप्रमाणे काकूंच्या हातात दिली.

एवढं अवजड मशीन काकांना कशासाठी हवं होतं? तर दिल्लीतल्या मराठी मुलामुलींची लग्नं जमवण्यासाठी. नवीन कंपन्यांमध्ये पुण्या-मुंबईची मुलं येत होती, त्यांचे आई-बाप तिकडे काळजीत. काका दर रविवारी कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये बसायचे आणि पोह्यांच्या बशीशेजारी फॉर्म भरून घ्यायचे. घरी येऊन फोटो, पत्रिका, पत्ते सगळं मशीनमध्ये टाकायचे. फुकट काम, पण निष्ठा मोठी. दसऱ्याला दुपारी त्यांनी मेळावा ठरवला होता आणि सगळ्यांना कळवायला घेतलं होतं, की कागद आणू नका, सगळं कॉम्प्युटरवर दाखवू.

काकूंचं दुःख वेगळं होतं. काकांनी गावभरची लग्नं जमवली, पण त्यांचा स्वतःचा मिलिंद तसाच. दर स्थळाला तो "बघू" म्हणायचा. एकदा काकूंनी काकांच्या खांद्यावरून पडद्यावर साताऱ्याच्या एका मुलीचा फोटो पाहिला, अस्मिता नावाची, नोएडात नोकरी करणारी, आणि त्यांना ती एकदम आवडली. मेळाव्यात मिलिंदला तिच्यासमोर उभं करायचं, अशी त्यांनी मनात गाठ बांधली होती. हे त्यांनी मला स्वयंपाकघरात खालच्या आवाजात सांगितलं होतं.

नवरात्र सुरू झालं आणि मध्येच एक दिवस काकांचा फोन आला. वीज गेली होती, इन्व्हर्टरने दगा दिला होता आणि नंतर मशीन निळं होऊन बसलं होतं. "मी काही केलं नाही," असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. गल्लीतला मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने सीडी घातली, तर पडद्यावर 'हार्ड डिस्क सापडली नाही' असं आलं. आता नवी डिस्क घ्यायला तो सांगत होता. मी म्हटलं, घाबरू नका, डिस्क शाबूत असेल, फक्त फ्लॉपी काढून ठेवा. काका म्हणाले, "फ्लॉपी सुरक्षित आहे. इतकी सुरक्षित आहे, की तू प्रत्यक्षच ये."

भर दुपारी बसने मी गुडगावला पोचले. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि घाम फुटला. देवासमोर अखंड दिवा होता, म्हणून नवरात्र संपेपर्यंत पंखा बंद. कोनाड्यात घट बसलेला, पत्रावळीवर काळी माती, तिच्यात बोटभर उंचीचे गव्हाचे पिवळसर अंकुर. वर माळा लोंबत होत्या. मी विचारलं, फ्लॉपी कुठाय? काकूंनी घटाकडे बोट दाखवलं.

त्याचं असं होतं, की आपल्या घरांत अतिमहत्त्वाची वस्तू देवाच्या आसनाखाली जाते. काकूंच्या चौरंगावरच्या लाल फडक्याखाली वर्षभर फ्लॅटचे कागद असायचे, गॅसचं पुस्तक असायचं, आणि मी दिल्यापासून फ्लॉपीही होती. घटस्थापनेच्या दिवशी कागद निघाले, गॅसचं पुस्तक निघालं. फ्लॉपी मागे सरकलेली, ती राहून गेली. तिच्यावर फडकं, फडक्यावर पत्रावळ, पत्रावळीवर माती आणि मातीवर घट. आणि देव एकदा घटी बसले, की दसऱ्याच्या पूजेपर्यंत हलवायचे नाहीत. त्या मातीला काकू रोज सकाळी भक्तिभावाने पाणी घालत होत्या.

मला हसावं की रडावं कळेना. दसऱ्याच्या सकाळी उत्थापन झाल्यावर फ्लॉपी मिळाली असती. पण मशीन उभं करायला लागणारा वेळ आणि फ्लॉपीवर रोज झिरपणारं पाणी पाहता तोवर सगळाच कारभार आटोपला असता. मी तसं सांगितलं. काका चिडले. सगळ्या दिल्लीची लग्नं अडलीत आणि ही देव धरून बसलीय, असं त्यांचं म्हणणं. काकू शांत होत्या. त्या म्हणाल्या, "अडू देत. सासूबाईंपासून आमच्याकडे बसलेला घट हलला नाही. तुमच्या मशीनसाठी मी नाही हलवायची."

मी विचारलं, दुसऱ्या कुठल्या डिस्कवर, सीडीवर नक्कल आहे का? काका ताठ बसले. म्हणाले, "लोकांच्या मुलींची माहिती आहे ती. दोन दोन ठिकाणी ठेवायची? उद्या कुणाच्या हाती लागली तर?" बॅकअप न घेण्याची कारणं मी पुष्कळ ऐकली होती. आळस, कंजूषपणा, मशीनवरचा आंधळा विश्वास, सगळं ऐकलं होतं. चारित्र्यापोटी बॅकअप न घेतलेला माणूस मात्र मी तेवढा एकच पाहिला.

मग मूळ फॉर्म तरी काढा, मी म्हटलं. त्यावर काका जरा खिडकीबाहेर पाहू लागले. हळूच म्हणाले, की टाइप करून झाल्यावर ते फाडून रद्दीत घातले.

"सगळे?" काकूंनी विचारलं.

"सगळे. कपाट भरलं होतं."

"ती साताऱ्याची?"

"तीही आतच आहे. तिचे आई-वडील धाकटीकडे बंगलोरला गेलेत, तिथला नंबर मशीनमध्येच घातला होता मी. तिचाही. मेळाव्याचं तिला कळवायचं अजून राहिलंय."

काकूंनी एकदा घटाकडे पाहिलं, एकदा मशीनकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "तुला अडचण नाही ना गं?"

"नाही, काकू."

"मग अंघोळ करून घे. बसमधून आलीयस."

तिकडे काकांनी तोंड उघडलं, तर काकूंनी त्यांना तिथेच गप्प केलं. देव हलवायचे नाहीत, घटाला हात लावायचा नाही, चौरंग जागचा सरकवायचा नाही. पण फडक्याखालची वस्तू बाहेर ओढली म्हणून देव हलतो, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? हाच मुद्दा काका अर्धा तास मांडत होते. पण तेव्हा त्यात फक्त दिल्लीची लग्नं होती.

माझ्या कामाची जाडजूड मॅन्युअल्स मी पानोपान वाचली होती. ड्रायव्हर घालण्याआधी अंघोळ, असं कुठेही नव्हतं. मी न्हाऊन, काकूंचं धुतलेलं सुती लुगडं नेसून, हातात काकांची स्टीलची फूटपट्टी घेऊन देवापुढे बसले. काकू घटावर नजर लावून माझ्याशेजारी. माती जरा जरी खचली असती, तर मला पुढच्या जन्मीही त्या घरात कुणी कॉम्प्युटर दाखवला नसता. पट्टी फडक्याखाली सरकवली, फ्लॉपीची कड लागली. केसाएवढी ओढायची, थांबायचं, पुन्हा ओढायची. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायची सोय नव्हती. ती बाहेर आली तेव्हा आम्ही दोघींनीही श्वास सोडला. मातीतला एकही अंकुर हलला नव्हता.

फ्लॉपीची दशा मात्र बघवत नव्हती. प्लॅस्टिकच्या पाकिटात काळं पाणी, कुंकू वाहून सगळीकडे गुलाबी झालेलं, आणि फडक्यातून उतरलेलं गव्हाचं एक पांढरं मूळ धातूच्या झाकणाखाली शिरलेलं. आमच्या ड्रायव्हरला अंकुर फुटला होता. काका कपाळाला हात लावून खाली बसले. काकू वाकून बघत म्हणाल्या, "शुभ आहे."

आता माझी पाळी होती. फ्लॉपीचं कवच चौकोनी असलं तरी माहिती असते ती आतल्या गोल, पातळ चकतीवर. कवच गेलं तरी चकती वाचवता येते. मी कवच फोडून चकती अलगद बाहेर काढली. ती धुवायला साधं पाणी चालत नाही, गुडगावचं तर नाहीच. पण गुडगावात प्रत्येक घरात इन्व्हर्टर आणि प्रत्येक इन्व्हर्टरशेजारी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन. त्या पाण्यात चकती बुडवून विसळली. पंखा लावायची सोय नव्हती, म्हणून काका बाल्कनीत उभे राहून इंग्रजी वर्तमानपत्राने तिला वारा घालत बसले. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस भल्लांनी विचारलं, "भाईसाब, क्या सुखा रहे हो?" काका म्हणाले, "रिश्ते." त्यांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

चकती वाळल्यावर पिशवीतली एक कोरी फ्लॉपी फोडून तिच्या कवचात ही बसवली आणि चिकटपट्टी लावली. सीडी घालून मशीन सुरू केलं. निळ्या पडद्याच्या तळाशी एक ओळ थोडाच वेळ येते: वेगळा कंट्रोलर असेल तर एफ-सिक्स दाबा. ती गेली की संधी गेली, परत पहिल्यापासून. पहिल्यांदा ती गेलीच, कारण नेमकं तेव्हा काका सर्व्हरच्या डिस्कची महती सांगत होते. दुसऱ्यांदा काकूंनी त्यांना आत पाठवलं. मी बटण दाबलं, फ्लॉपी घातली. ड्राइव्हमधून जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मी इतकी घाबरले होते, की नास्तिक असूनही समोरच्या घटाकडे एकदा पाहून घेतलं. मग पडद्यावर त्या बुडालेल्या कंपनीचं नाव उमटलं आणि त्याच्याखाली हार्ड डिस्क, अख्खी, सामानासकट.

विंडोज दुरुस्त करून मशीन उभं केलं. पहिलं काम म्हणून मी सगळ्या माहितीची सीडी काढायला घेतली. काका पुन्हा दोन ठिकाणांचा मुद्दा काढणार होते, पण काकूंनी सांगितलं, "दुसरी माझ्याकडे राहील." मग मला म्हणाल्या, "आता ती दाखव." मी अस्मिताचा फोटो उघडला. काकू चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मला त्या दुपारी माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे मोठमोठ्या कंपन्यांची मशीन्स सोडवतानाही वाटला नाही. निघताना फोडलेलं जुनं कवच मी केराच्या डब्यात टाकलं. काकूंनी ते उचललं, पुसलं आणि देवाकडे नेलं. मी म्हटलं, "काकू, आत काही नाही त्यात आता."

"असू दे," त्या म्हणाल्या. "होतं ना."

मेळावा झाला. मिलिंद नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाला, पण या वेळी त्याने खरंच बघितलं.

पुढे माझा धंदा हळूहळू बसला. मशीन्स एकसारखी झाली, डिस्का बिघडल्या की दुरुस्त न करता फेकल्या जाऊ लागल्या, सगळ्या गार्डांची एकच भाषा झाली. लोकांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. मला मात्र वाईट वाटतं. आता कुणी मशीन उघडत नाही आणि कुणी मला घरात बोलावून खोटं बोलत नाही. चढ्ढाजींच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. काका गेले, आणि गेल्या वर्षी काकूही गेल्या.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अस्मिताचा फोन आला. आता ती नोएडाच्या एका टॉवरमध्ये फार उंचावर राहते. तिथे बिल्डरने देवघर दिलंय, पण सासूबाईंनी आणलेला कोनाड्यातला चौरंग तिने सोडला नाही. देव मांडताना लाल फडक्याखाली तिला एक चौकोनी, काळं, कुंकू वाळलेलं प्लॅस्टिक हाती आलं होतं. मिलिंदला विचारलं तर तो म्हणाला, चित्राताईंना विचार. "ताई, हे काय आहे? आई दर नवरात्रात हे ठेवायच्या घटाखाली. कधी सांगितलं नाही. ठेवायचं असतं का?"

मी तिला सगळं सांगितलं. अंघोळ, लुगडं, फूटपट्टी, बाल्कनीतले काका, सगळं. ती खूप हसली आणि मग हसता हसता थांबली.

"आई मला नेहमी म्हणायच्या," ती म्हणाली, "तुला मी घटाखालून काढलीय. मला वाटायचं, त्यांची बोलायची पद्धत आहे."

मग तिने विचारलं, उद्या घट बसवताना ते खालीच ठेवलं तर चालेल का, भिजून काही होणार नाही ना?

मी म्हटलं, "ठेव. आता भिजलं तरी चालेल."